इस्त्रीखाली गेलेली ओळ

मी शुभेच्छापत्र बोलतोय. हळू बोल, दम खा, असं मला कुणी सांगू नका. गेल्या आठवड्याभरात मी भाजून निघालो, गोठून निघालो, आईस्क्रीमच्या गाडीत बसून निम्मं शहर पालथं घातलं, आणि आता एका पिशवीत स्वेटर आणि पाण्याच्या बाटलीच्या मधे चेपून बसलोय. माझ्या वयाच्या कागदाला एवढी धावपळ सोसत नाही. पण मजा आली! खरंच सांगतो, फार मजा आली.

माझा जन्म एका छापखान्यात झाला, आणि जन्मतःच मी बिघडलेला होतो. माझ्या अंगावर तळ्याचं चित्र आहे. तळ्यात होडी, होडीत म्हातारा, म्हाताऱ्याच्या डोक्यावर लाल टोपी. निळा रंग छापून झाला, पिवळा झाला, आणि लाल रंगाच्या वेळी कागद जरासा सरकला. झालं! म्हाताऱ्याची टोपी डोक्यावरून उडून शेजारी हवेत लटकली. मुकादमाने आमचा तो अख्खा गठ्ठा उचलला आणि रद्दीच्या टोपलीत भिरकावला.

त्याच दिवशी छापखान्याची माल चढवायची लिफ्ट बंद पडली होती. ती दुरुस्त करायला एक तेवीस वर्षांचा तरुण आला होता. हात ग्रीसने बरबटलेले, कानामागे पेन्सिल. जाता जाता त्याची नजर टोपलीवर पडली आणि तो एकटाच खो खो हसायला लागला.

"हे एक घेऊ का हो?"

"सगळा गठ्ठा घे," मुकादम म्हणाला.

"नको, एकच बस्स. माझी बहीण आहे, तिला असलंच आवडतं."

हा आमचा दादा. त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा अजून माझ्या कोपऱ्यावर आहे. त्याची बहीण त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, नुकतीच लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली. लहानपणी ती एका जागी म्हणून बसायची नाही, म्हणून दादा तिला भिंगरी म्हणायचा. आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे, तरी भिंगरीच म्हणतो.

त्या वर्षअखेरीस त्याने माझ्यावर लिहिलं, "भिंगरे, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. टोपी सांभाळ." आणि मला टपालात टाकलं.

पुढच्या वर्षी तिने त्याला शुभेच्छा पाठवायला हव्या होत्या. पण तिने आणि तिच्या नवऱ्याने नुकतीच लाँड्री सुरू केली होती. सणासमारंभाचे कपडे ढिगाने पडलेले, मान वर करायला फुरसत नाही. ती दुकानात कार्ड आणायला गेली तेव्हा दुकान बंद झालं होतं. मग तिने काय करावं? ड्रॉवरमधून मलाच बाहेर काढलं, दादाच्या ओळीखाली लिहिलं, "तुझ्याच शुभेच्छा तुला परत. टोपी तूच सांभाळ," आणि दिलं पाठवून.

आळशीपणा हो, दुसरं काय! पण दादाला ते इतकं आवडलं की पुढच्या वर्षी त्यानेही मलाच परत धाडलं. आणि तिथून पायंडा पडला. एक वर्ष मी याच्याकडे, एक वर्ष तिच्याकडे. नवी पानं जोडायची नाहीत, दुसरं कार्ड आणायचं नाही, आणि एका वर्षाला एकच ओळ.

या एका ओळीत काय काय बसवलं त्यांनी! तिसऱ्या वर्षी दादाने लिहिलं, "लिफ्टमध्ये दीड तास अडकलेल्या मुलीशी माझं लग्न ठरलं, सुटका मीच केली होती." त्यावर भिंगरीचं उत्तर यायला वर्ष लागलं, पण आलं ते झणझणीत. "तिची झाली, आता तुझी होणार नाही." मग मुलं झाली, दात पडले, चष्मे लागले. चोविसाव्या वर्षी भिंगरीने लिहिलं, "या वर्षी हे गेले, शुभेच्छा पुढच्या वर्षी देईन." पुढच्या वर्षी दादाने फार विचार करून एवढंच लिहिलं, "मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या, दोन्ही घे."

ही ओळ मला सगळ्यांत जास्त आवडते. बाकीच्यांना सांगू नका.

भिंगरीची एक सवय इथे सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्या सवयीने घडलं. टपालात मी चुरगळतो. कोपरे दुमडतात, पोटावर सुरकुत्या पडतात. आणि भिंगरीला सुरकुती म्हणून खपत नाही, मग ती शर्टावर असो, पडद्यावर असो की माझ्यावर. म्हणून मी आलो की ती आधी मला इस्त्री करायची. टेबलावर जुनी घोंगडी, तिच्यावर पांढरी चादर, चादरीवर मी, माझ्यावर मलमलचा रुमाल, आणि मग हलक्या हाताने इस्त्री. "आधी सरळ, मग शुभेच्छा," असं म्हणायची. तोवर वाचायची नाही. मलाही बरं वाटायचं. प्रवासाचा सगळा शीण निघून जायचा.

आता भांडणाचं सांगतो.

पावणेदोन वर्षांपूर्वी दादा नोकरीतून निवृत्त झाला. कंपनीने हॉल घेऊन समारंभ ठेवला होता. दादाने आयुष्यात पहिल्यांदा कोट शिवला. भिंगरी आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. "कोटाला इस्त्री मी करणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही," असं तिने जाहीरच करून टाकलं. सकाळी इस्त्री तापवली, वहिनीशी गप्पा रंगल्या, आणि कोटाच्या पाठीवर इस्त्रीचा तपकिरी ठसा उमटला.

दादा भडकला. भर हॉलमध्ये, सगळ्या सहकाऱ्यांसमोर म्हणाला, "लाँड्री चालवतेस की कपडे जाळायचा कारखाना?"

भिंगरीही गप्प बसणारी नव्हे. "कापडच हलकं आणलंस, त्याला मी काय करू?"

कापड हलकं नव्हतं. इस्त्री जास्त तापली होती. हे तिला ठाऊक होतं, पण जिच्या हातच्या इस्त्रीचं सगळं गाव कौतुक करतं, तिने चारचौघांत ते कबूल कसं करावं? ती जेवली नाही, मिळेल त्या बसने निघून आली. बसमध्ये बसल्या बसल्या रागाच्या भरात मोबाइल काढला आणि दादाच्या नावावर जी जी बटणं दिसली ती सगळी दाबली. काय दाबलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

त्या वर्षी मी तिच्याकडे होतो. वर्षअखेरीला तिने मला बाहेर काढलं. आठ महिने न बोललेलं एका ओळीत उतरवलं. "दादा, कापड चांगलं होतं, इस्त्री मीच जास्त तापवली, आता येशील का?"

अडतिसावी ओळ. मी ती घेऊन गेलो तेव्हा मला वाटलं, माझ्या जन्माचं सार्थक झालं.

दादाने ती वाचली आणि तडक फोन लावला. लागला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, नाही. आठवड्याने दोनदा लावला. नाही म्हणजे नाही. "लिहिते एक आणि फोन उचलत नाही," तो वहिनीला म्हणाला आणि रुसून बसला. आता उत्तर द्यायचं तर ते त्याची पाळी आल्यावर, माझ्यावरच. म्हणजे वर्षभराने. इकडे भिंगरी वर्षभर वाट पाहत राहिली. फोन वाजला की हातातली इस्त्री उभी करून धावायची. दर वेळी कुणीतरी विचारायचं, "ताई, माझा परकर झाला का?"

गेल्या महिन्यात दादा मला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. बॉलपेन वाळलेलं निघालं. नऊ वर्षांची नात शेजारी अभ्यास करत होती. तिने आपलं पेन पुढे केलं.

"आजोबा, हे घ्या. चुकलं तर खोडता येतं."

"पेनाचं खोडता येतं?"

"मागे रबर आहे बघा. घासलं की गायब!"

माणसाला खोडायची सोय मिळाली की तो खरं खरं लिहायला लागतो. माझ्या मागच्या बाजूला खाली चार बोटं जागा उरली होती. दादाने तिथे लिहिलं, "मी येणार नाही, माझ्या जन्मात एकदाच समारंभ झाला होता." मग रबराने घासून काढलं. त्याखाली लिहिलं, "चार वेळा फोन केला, तू उचलत नाहीस, मग मी का यावं?" तेही घासलं. मग चहा प्यायला, खिडकीशी जाऊन उभा राहिला, आणि परत येऊन अगदी बारीक अक्षरात, तीन ओळींचा ऐवज एका ओळीत कोंबून लिहिलं.

"भिंगरे, कोट गेला खड्ड्यात, एकतीस तारखेला दुपारी साडेतीनला पोचणाऱ्या बसने येतोय, स्टँडवर घ्यायला ये, नाही आलीस तर तुझा राग गेला नाही असं समजून साडेपाचच्या बसने परत जाईन."

दादाचा हात मेकॅनिकचा. स्क्रू पिळावा तसं पेन दाबून लिहितो. त्याने मला पाकिटात घातलं, आणि मी निघालो. त्या प्रवासात मला क्षणभर झोप आली नाही. शिक्के मारणाऱ्या माणसाला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अरे भरभर मार, माझ्या पोटात केवढी बातमी आहे!

एकोणतीस तारखेला मी लाँड्रीत पोचलो. पाकिटावरचं अक्षर भिंगरीने ओळखलं. उठून दुकानाचं अर्धं शटर ओढलं, पाकीट फोडलं आणि मान दुसरीकडे वळवून मला बाहेर काढलं. वाचायची छाती होत नव्हती बिचारीची. वर्षभर वाट पाहिलेलं उत्तर समोर आलं की होतंच असं. तिने डोळे मिटल्यासारखे करून मला चादरीवर उलगडलं, वर मलमल टाकली आणि हात नेहमीच्या सवयीने इस्त्रीकडे गेला.

पहिला हात फिरला तेव्हा मला नेहमीसारखं छान वाटलं. दुसऱ्या हाताला काहीतरी विचित्र झालं. माझ्या पाठीवरची दादाची ओळ हलकी व्हायला लागली. आधी "परत जाईन" गेलं, मग "स्टँडवर" गेलं, मग "भिंगरे" गेलं. मी ओरडलो, अगं थांब, थांब! पण कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? तिला तर माझे कोपरे सरळ करायचे होते. तिने तिसरा हात फिरवला, अगदी निगुतीने.

मग तिने श्वास घेतला आणि मला उलटं केलं.

चार बोटं कोरी जागा. वर तिची अडतिसावी ओळ, आणि खाली काही नाही.

तिने पाकीट झटकलं. आत फुंकर घालून पाहिली. चष्मा पुसून परत पाहिलं. "एक शब्दसुद्धा नाही, दादा?" एवढंच म्हणाली. मग मला सुट्या बटणांच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं, शटर वर केलं आणि एका गिऱ्हाइकाच्या शर्टाच्या कॉलरला इस्त्री करायला लागली. मला इतकं वाईट वाटलं, की त्या बटणांमध्ये मिसळून एखादं फालतू बटण होऊन जावंसं वाटलं.

एकतीस तारखेला दुपारी तिने नवं पाकीट आणलं आणि त्याच्यावर दादाचा पत्ता लिहिला. मला त्यात तसंच घालून, काहीही न लिहिता, परत पाठवायचं तिने ठरवलं होतं. कोऱ्याला कोरं. म्हणजे पायंडा संपला, आणि बहीण-भाऊही संपले.

तिच्या टेबलावर फोन सारखा टुंग टुंग करत होता. वर्षाचा शेवटचा दिवस ना! उगवत्या सूर्याची चित्रं, फुलांची चित्रं, कपातून वाफ येणारी चित्रं. शेजारचे आईस्क्रीमवाले दर वर्षी एकच चित्र दोनशे चौदा लोकांना एका दमात पाठवतात. त्यात त्यांची सख्खी बायकोही असते. माझं आणि त्या चित्रांचं काही वैर नाही हं. ती पोचतात तरी! मी पोचूनही कोरा निघालो होतो.

घड्याळात साडेतीन वाजले. भिंगरीने घड्याळाकडे पाहिलंही नाही. पण मी पाहिलं. दादा या क्षणी गाडीतून उतरत असणार.

पावणेचारला शाळेतल्या गणिताच्या बाई आपला लांब कोट न्यायला आल्या. मी टेबलावर पाकिटाशेजारी पडलो होतो.

"अय्या, किती जुनं कार्ड! बघू का?"

"बघा की. त्यात आता बघण्यासारखं काय राहिलंय?" भिंगरीचा बांध फुटला. भांडण, कोट, वर्षभराची वाट, सगळं भडाभडा सांगून टाकलं. "आणि हे बघा उत्तर. कोरं! एवढा मोठा माणूस, दोन शब्द लिहायला हात झिजला असता?"

बाईंनी मला उचललं. मग त्यांनी एक गोष्ट केली, जिच्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी मला दाराशी नेलं आणि उजेडात तिरकं धरलं.

"ताई, हे कोरं नाहीये."

"म्हणजे?"

"इथे पेनाचे वळ आहेत. चांगले खोल. पण अक्षर फार दाट आहे, वाचता येत नाहीये." बाईंनी बोट फिरवून पाहिलं. "तुम्ही याला ऊन बिन लावलंत का? हीटरजवळ ठेवलं होतं?"

"छे! इस्त्री केली फक्त. नेहमी करते."

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, इस्त्री! माझ्या वर्गातल्या एका मुलीने अशीच वही गाडीत उन्हात ठेवली होती, अख्खा गृहपाठ गायब! खोडता येतं ना, त्या पेनाची शाई असते ही. उष्णतेने उडते."

"उडते?" भिंगरीने इस्त्रीकडे पाहिलं. "म्हणजे त्याने लिहिलं होतं, आणि मी... परत मीच जाळलं?"

"जळलं नाहीये. थंडीने परत येते ती शाई. त्या मुलीची वही आम्ही फ्रीझरमध्ये ठेवली होती. चला, निघा आधी!"

शेजारीच आईस्क्रीमवाले होते. थंडीचे दिवस, गिऱ्हाईक नाही, ते दुकानात बसून उरलेल्या नातेवाइकांना वाफाळत्या कपाची चित्रं पाठवत होते. दोघी आत घुसल्या. मला एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मोठ्या फ्रीझरमध्ये, पिस्त्याच्या आणि व्हॅनिलाच्या डब्यांच्या मधे सरकवण्यात आलं.

बाप रे, काय गारठा! माझा कण न् कण कुडकुडत होता. पण अंगात काहीतरी सळसळायला लागलं होतं. झोपलेला हात जागा व्हावा तशा मुंग्या आल्या. ये, ये, म्हटलं, लवकर ये बाई!

बाहेर आईस्क्रीमवाले दर दोन मिनिटांनी झाकण उघडून पाहत होते. "सारखं उघडू नका हो," बाई ओरडत होत्या, "थंडी जाते."

सव्वाचारला भिंगरीला राहवेना. तिने स्वतःच झाकण उघडून मला बाहेर काढलं. माझी वरची कड बर्फाला टेकली होती, म्हणून तिथली अक्षरं आधी उठली होती. फिकट, पण स्पष्ट.

तिने वाचलं, "मी येणार नाही, माझ्या जन्मात एकदाच समारंभ झाला होता."

तिने मला काउंटरवर ठेवलं, पदराने हात पुसले आणि आपल्या दुकानाकडे चालू लागली. मी तडफडत होतो. हे नाही गं, हे नव्हे! हे त्याने खोडलेलं आहे!

बाई गणिताच्या होत्या म्हणून वाचलो. त्यांनी मला परत तिरकं धरलं. "इथे कागद घासलेला दिसतोय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हे त्यांनी लिहून खोडलंय. थंडीने खोडलेलंही परत आलंय. न खोडलेलं खाली असणार." आणि त्यांनी मला उलटं करून पुन्हा आत टाकलं.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पावणेपाच वाजले. मग झाकण उघडलं, आणि माझ्या पाठीवर दादाच्या तिन्ही ओळी उभ्या होत्या. दोन फिकट, शेवटची गडद. बाईंनी ती वाचली, घड्याळाकडे पाहिलं आणि रस्त्यावर धूम ठोकली.

"ताई! ताई, ते आलेत! स्टँडवर आहेत!"

भिंगरीने मला हातात घेतलं आणि वरपासून खालपर्यंत वाचलं. पहिली ओळ परत एकदा, मग दुसरी, मग तिसरी. दुसऱ्या ओळीशी ती अडखळली.

"चार वेळा फोन? मला तर एकही आला नाही."

"द्या तुमचा फोन." बाईंनी दोन ठिकाणी बोट लावलं. "तुम्ही त्यांना ब्लॉक केलंय, ताई. पावणेदोन वर्षं झाली."

"मी?"

"आता लावा. लावा लवकर!"

लावला. फोन बंद होता. दादा प्रवासात फोन बंद ठेवतो, बॅटरी उगाच खर्च होते म्हणून. स्टँडवर दोन तास बसून राहायचं झालं तरी बंदच ठेवतो.

पाच वाजायला आले होते. स्टँड शहराच्या दुसऱ्या टोकाला. आईस्क्रीमवाल्यांनी किल्ली उचलली. "माझ्या गाडीत बसा. पण एक सांगतो, गाडी सुरू झाली की गाणं सुरू होतं. बटण बिघडलंय."

"वाजू दे!" भिंगरी म्हणाली. दुकान उघडं, इस्त्रीचा प्लग बाईंनी काढला म्हणून नशीब. हातात मी, अशी ती पुढच्या सीटवर चढली.

काय सांगू तुम्हाला! ती गाडी टिंग टिंग गाणं वाजवत चौकाचौकातून सुसाट निघाली. सिग्नलला थांबलो की पोरं हात करायची. दोघांनी तर नोटा पुढे केल्या. "आईस्क्रीम नाहीये रे, भाऊ आणायला चाललोय!" आईस्क्रीमवाले खिडकीतून ओरडत होते. भिंगरी माझ्यावरून सारखं बोट फिरवत होती आणि पुटपुटत होती, "थांब रे दादा, थांब, थांब."

पाच अठ्ठावीसला आम्ही स्टँडवर पोचलो. साडेपाचची गाडी फलाटाला लागली होती, इंजिन सुरू होतं. तिसऱ्या खिडकीत दादा. मांडीवर पिशवी, चेहरा पडलेला, केस पूर्वीपेक्षा पांढरे. भिंगरी धावत गेली आणि गाडीच्या पत्र्यावर धाडधाड हात मारायला लागली.

"दादा! उतर! उतर खाली!"

दादाने काच सरकवली. "साडेतीनला ये लिहिलं होतं."

"मला दिसलंच नाही रे. मी आधी इस्त्री केली."

"कशाला?"

"कार्डाला. तुझी ओळ उडाली. त्या पेनाची शाई इस्त्रीने उडते."

आधी दादाला काही कळेना. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. "म्हणजे आधी माझा कोट जाळलास," तो कसाबसा म्हणाला, "आणि आता माझी माफीसुद्धा जाळलीस!" आणि तो हसत सुटला. भिंगरीही हसायला लागली, हसता हसता रडायला लागली, आणि सगळी गाडी खिडक्यांतून डोकं काढून बघायला लागली.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, उतरताय की येताय?"

"उतरतोय, उतरतोय."

खाली आल्यावर दादाने मला तिच्या हातातून घेतलं, आणि त्याचं हसू थांबलं. खोडलेल्या दोन्ही ओळी त्याला दिसल्या.

"हे पण वाचलंस?"

"सगळं वाचलं."

"मग?"

"मग काय? आले ना."

तिने त्याच्या हातातली पिशवी काढून घेतली. "घरीच यायचं की सरळ. स्टँडवर कसली परीक्षा घेतोस?"

"घरी आलो असतो आणि तू दार लावून घेतलं असतंस तर? इथून निदान गाडी तरी मिळते."

तीन दिवस दादा राहिला. नव्या वर्षाचा पहिला दिवस दोघांनी लाँड्रीत काढला. ती इस्त्री करत होती आणि तो, निवृत्त झालेला असूनही, कपड्यांना आकड्यांच्या चिठ्ठ्या टाचत होता. निम्म्या चुकीच्या टाचल्या, त्यावरून पुन्हा भांडण झालं, पण ते घडीभराचं. आईस्क्रीमवाले आणि बाई येऊन गेल्या. मी भिंतीवर होतो, टाचणीला लटकलेला, अंगभर सुरकुत्या. मला आता इस्त्री बंद आहे. या वयात मी असाच बरा दिसतो, असं भिंगरीच म्हणाली.

आणि आज दादा परत निघालाय. यंदा मला टपालाचा प्रवास नाही. माझ्या मागे जागा उरली नव्हती, म्हणून भिंगरीने सकाळी चित्रातल्या आकाशात लिहिलं, बॉलपेनाने, आणि मला पिशवीत घालून बजावलं, "घरी गेल्याशिवाय वाचायचं नाही."

"नाही वाचत," दादा म्हणाला.

तोवर तुम्हाला माझी एक विनंती. तुम्ही कागदावर शुभेच्छा पाठवा नाहीतर फोनवर पाठवा, मला दोन्ही चालतं. पण आपल्या माणसाकडून काही कोरं आलं, किंवा काहीच आलं नाही, तर रागावण्याआधी एकदा उजेडात तिरकं धरून बघा. माझं एवढं ऐका.

आता बोलणं आवरतो. गाडी अजून स्टँडच्या फाटकातून बाहेर पडलेली नाही, आणि दादाने पिशवीची चेन उघडलीसुद्धा! मला बाहेर काढलंय, चष्मा लावलाय, आकाशातलं वाचतोय. एकोणचाळीस वर्षांत भिंगरीने लिहिलेली सगळ्यांत लांब ओळ आहे ती.

"दादा, पुढच्या वर्षी मी येईन, आणि तू स्टँडवर नसलास तरी परत जाणार नाही."

तो परत वाचतोय. वाचू दे.